सगळं हाताने

शैलेंद्र पिंपळापुरे यांना जड काही खपत नसे. खमरियाच्या फॅक्टरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी चेरीतालच्या घरातून एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. आधी सोफा गेला, मग काचेचं कपाट, मग पाहुण्यांसाठी रचून ठेवलेल्या गाद्या. संध्याकाळचं जेवण मुगाच्या खिचडीवर आलं. बोलणंही कमी झालं.

"माणसं पण काढून टाका आता," त्यांची बायको सुमेधा म्हणाली. "तुम्ही राहा आणि तुमचे डब्बे राहू द्या."

मुलगा अक्षत हैदराबादला होता. त्याला काढावं लागलं नव्हतं.

डब्बे म्हणजे कॉम्प्युटर. कुठल्या शाळेने मोडीत काढलेले, कुठल्या डॉक्टरच्या काउंटरवरून उतरलेले. पिंपळापुरे ते उघडत, रंगाच्या ब्रशने आतली धूळ झाडत, एकाचा भाग दुसऱ्याला लावत आणि मेलेल्या दोघांतून एक जिवंत करत. मग त्यात मशीन चालवायला लिनक्स घालत, कारण ते फुकट होतं आणि कमी जागेत राहत होतं. लिहायला एबीवर्ड. तेही फुकट, तेही लहान. बटण दाबलं की कोरा कागद समोर. शिकायला आलेल्याला ते म्हणत, "पाहा, पापणी तरी लवली का तुमची?"

फुकटात दुसरंही मिळत होतं. लिब्रेऑफिस. त्यात पत्र होतं, पुस्तक होतं, हिशेबाचे तक्ते होते, भाषणाच्या वेळी पडद्यावर लावायची चित्रं होती, एकाच मजकुराची पत्रं वेगवेगळ्या नावांनी काढायची सोय होती. सरकारी ऑफिसं हळूहळू त्याच्याकडे वळत होती. पिंपळापुऱ्यांच्या डब्ब्यांवर ते उघडायला लागलं की आतला पंखा घुरघुरत राही, आणि पुन्हा पुन्हा भात मागणाऱ्या पाहुण्याकडे बघावं तसे ते त्या घुरघुरीकडे बघत. "एक पोस्टकार्ड न्यायला कोणी ट्रक आणते का?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. समोरचा हसत असे. त्यांना ते हसणं पुरत असे.

हे मत आलं कुठून, ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. फॅक्टरीच्या ऑफिसात ते टायपिस्ट होते, आणि साधेसुधे नव्हते. शीर्षक कागदाच्या बरोबर मध्ये यावं म्हणून ते अक्षरं मनात मोजत, ओळीतून वजा करत, उरलेल्याची निम्मी जागा डावीकडे सोडत. त्याला त्यांना पेन्सिल लागत नसे. रकाने असे पाडत की न ओढलेल्या उभ्या रेघा डोळ्यांना दिसाव्यात. टाइप झालेला कागद ते नमुन्याच्या कागदावर ठेवून खिडकीशी धरत. उजेडात दोन्हींच्या ओळी एकमेकींवर बसल्या की काम झालं. साहेब लोक त्यांचा कागद वाचण्याआधी नुसता बघत.

मग सेक्शनमध्ये कॉम्प्युटर आले. ट्रेनिंगला जाणाऱ्यांची नावं लागली, त्यांत त्यांचं नव्हतं. "पिंपलापुरे जी, अब आपके बचे ही कितने दिन हैं," हेडक्लार्क म्हणाला, अगदी प्रेमाने. त्यांना आवक-जावकच्या टेबलावर बसवलं. समोर नव्याने लागलेल्या मुली भल्यामोठ्या प्रोग्रॅममध्ये एक बटण दाबत आणि शीर्षक आपोआप मध्ये जाऊन बसे. कोणी काही मोजत नव्हतं. निवृत्तीपर्यंतची वर्षं पिंपळापुऱ्यांनी ते मध्ये जाऊन बसणं बघत काढली.

विनता साल्पेकर त्यांच्याकडे आली ती त्या हिंदी गावातल्या मराठी समाजाच्या वाचनालयात कोणीतरी नाव सुचवलं म्हणून. मदन महलला भाड्याच्या घरात राहणारी, चाळिशीच्या अलीकडची बाई. नवरा आल्हाद केंद्र सरकारच्या एका ऑफिसात बाबू होता. आधी त्याची मूत्रपिंडं गेली, मग तो गेला. त्याच्या जागी विनताला अनुकंपा म्हणून घेतलं, पण अट घातली. टायपिंगची आणि कॉम्प्युटरची परीक्षा पास व्हायची.

"एकदा फेल झाली मी, काका," ती म्हणाली. "आता शेवटचा चान्स देऊन राहिले."

"काहून फेल झाली?"

"स्पीडच नाही आला. हात थरथरत होते."

"आणि या वेळी नाही झालं तर?"

"तर चपराशी. खुर्ची जाईल, नोकरी राहील म्हणतात. उपकारच म्हणायचे." ती हसल्यासारखं करून थांबली. "हेच सगळे बाबू आल्हादच्या तेराव्याला आमच्याकडे पानावर बसले होते, काका. मी वाढलं होतं. आता त्यांनी घंटी वाजवायची आणि मी स्टुलावरून उठायचं. अवंतिकाच्या शाळेत आईचा हुद्दा विचारतात, तिथे काय लिहायचं तेवढं सांगा."

अवंतिका म्हणजे तिची मुलगी. दहावीत होती.

"शिकवतो," पिंपळापुरे म्हणाले. "फी नाही घेत मी. फक्त एक आहे. मी सांगतो तसंच करायचं. दोन मास्तरांचा हात लागला की बोटं बिघडतात."

सुमेधा चहा घेऊन आली. "बस गं. हे काही बोलणार नाहीत, मी बोलते तुझ्याशी."

पिंपळापुरे चांगले शिक्षक होते. वाईट असते तर पुढचं काही झालं नसतं, विनता आठवड्यात निघून गेली असती. बटणं दिसू नयेत म्हणून ते तिच्या हातांवर टॉवेल टाकत, आणि मागे उभे राहून नुसतं ऐकत. "डावी करंगळी झोपली," ते म्हणत, आणि ती खरंच झोपलेली असे. ऑफिस सुटल्यावर विनता घरी जायच्या आधी चेरीतालला येई. उन्हाळा गेला, दिवाळी गेली. टॉवेलाखाली तिची बोटं अशी पळू लागली की सुमेधा स्वयंपाकघरातून ओरडे, "फुटाणे भाजून राहिली का गं?"

हवा होता तेवढा वेग आला त्या संध्याकाळी विनता रडली. पिंपळापुऱ्यांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "चलो. आता कागद मांडायला शिक."

कागद मांडणं हे त्यांचं खरं. शीर्षक मध्ये आणायला स्पेसबार. रकाने पाडायला स्पेसबार. अनुक्रमणिका करायची तर आधी मुद्द्याचं नाव, मग ठिपके, एकेक मोजून, मग पान क्रमांक. एबीवर्डच्या वरच्या पट्टीत मजकूर मध्ये आणायचं बटण होतं, मेनू होते. "तिकडे हात लावू नको," ते म्हणत. "बटणाने केलेलं आपलं नसते." प्रिंट निघाली की त्यांची आणि तिची, दोन्ही खिडकीशी. ओळीवर ओळ. पहिल्यांदा सगळ्या ओळी बसल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की विनताला आपल्या वडलांची आठवण झाली. या माणसाकडे देण्यासारखं एवढंच होतं आणि घ्यायला आजवर कोणी आलं नव्हतं. तिला हे कळत होतं. तिथेच ती अडकली.

घरी अवंतिका म्हणे, "आई, यूट्यूब पे देख लो ना. सब है उसमें."

"मराठीत बोल."

"यूट्यूबवर बघ ना."

"काकांना कळलं तर वाईट वाटेल त्यांना."

"एग्ज़ाम उनका है कि आपका?" अवंतिका पुन्हा हिंदीत गेली.

मग परीक्षेचं परिपत्रक आलं. कागद लिब्रेऑफिसमध्ये करायचा, असं त्यात लिहिलेलं. खाली स्टाइल, आपोआप बनणारी अनुक्रमणिका, असे शब्द होते. विनता फोनवर त्याचा फोटो काढून घेऊन आली.

"काका, हे स्टाइल म्हणजे काय?"

"नखरे."

"नाही, खरंच सांगा."

"सगळे सारखेच असतात. एक स्कूटर चालवता आली की दुसरी येते."

"मग ती दुसरी एकदा दाखवा ना. आपण इथे हलकं वापरून राहिलो, तिथे भारीवालं राहील. ऐन वेळी हात अडला म्हणजे?"

सुमेधा दारात येऊन उभी राहिली. पिंपळापुरे उठले. "ये. दोन्ही लावून दाखवतो. तूच ठरव."

टेबलाच्या टोकाला त्यांचा सगळ्यात जुना डब्बा होता, एका शिवणाच्या क्लासमधून आलेला. त्यांनी तोच सुरू केला. आधी एबीवर्ड. कागद लगेच आला. मग लिब्रेऑफिस. आधी एक चित्र आलं, चित्राखालची रेघ सरकायला लागली आणि मध्येच थांबली. पंखा ओरडू लागला. सुमेधा आत जाऊन चहाचं आधण ठेवून आली. शेवटी पान उघडलं. विनताने एक अक्षर दाबलं, ते उमटेना म्हणून पुन्हा दाबलं, मग दोन्ही एकदम उमटली.

"बघ," ते म्हणाले. "याच्यात जीव अडकवणार तू?"

"ऑफिसच्या मशीन नव्या आहेत, काका."

"मशीन नवी आहे म्हणून माणसाने जड व्हायचं का?"

विनता हसली. तिला ते वाक्य आवडलं. ज्या घरात एक माणूस कमी झालं आहे त्या घरातल्या बाईला कमी असण्याची बाजू घेणारं कोणतंही वाक्य आवडतं. ती पुन्हा एबीवर्डसमोर जाऊन बसली.

ती गेल्यावर सुमेधा कप उचलत म्हणाली, "अक्षतने पाठवलेला लॅपटॉप काहून नाही काढला? त्याच्यावर तर पटकन उघडते ते."

"चार्ज नव्हता."

"अच्छा," सुमेधा म्हणाली. एवढंच.

लॅपटॉप चार्ज होता. त्यावर ते पटकन उघडतं हे पिंपळापुऱ्यांना माहीत होतं, कारण एका दुपारी सुमेधा भजनाला गेलेली असताना त्यांनी ते उघडून बघितलं होतं. वर बटणांच्या ओळी, बाजूला आणखी एक पट्टी, मेनूच्या पोटात मेनू. त्यांनी शीर्षक टाइप केलं, सवयीने जागा मोजली, तर प्रोग्रॅमने मध्येच स्वतःच्या मनाने काहीतरी बदललं. ते कशाने झालं हे कळेना, मागे कसं घ्यायचं तेही कळेना. घरात कोणी नव्हतं, तरी त्यांना कोणीतरी बघतंय असं वाटलं. मग त्यांनी लॅपटॉप मिटला आणि कपाटात सुमेधाच्या साड्यांखाली ठेवून दिला. जड नको, हे मत त्या दुपारनंतर फार पक्कं झालं.

विनताला सांगता आलं असतं. मला हे येत नाही, दुसऱ्या कोणाकडून शिकून घे. एवढं एक वाक्य. सगळं हलकं हवं म्हणणाऱ्या माणसाला ते उचलवलं नाही.

ऑफिसात विनताच्या शेजारच्या टेबलावर श्रद्धा बसे. वयाने लहान, परीक्षा देऊन लागलेली, हिंदी घरातली. "दीदी, लंच में बैठिए मेरे साथ, स्टाइल दिखा देती हूँ," ती अधूनमधून म्हणे.

"नहीं रे. मेरे सर मना करते हैं. दो जगह सीखने से हाथ बिगड़ जाता है."

"इसमें हाथ का क्या काम, दीदी?" श्रद्धा म्हणाली. विनताला तो टोमणा वाटला. तिने तिच्याशी दोन दिवस धड बोलणं टाकलं.

परीक्षेच्या सकाळी पिंपळापुऱ्यांचा फोन आला. "मान सरळ. खुर्ची जवळ. घाई करू नको."

हॉलमध्ये तो भारीवाला प्रोग्रॅम टिचकीसरशी उघडला. विनता दचकली, मग तिला बरं वाटलं. वरची बटणं तिने बघितलीच नाहीत, रस्त्याने जाताना अनोळखी घोळक्याकडे बघू नये तशी. टायपिंग झालं. तिच्या पुढे कोणी नव्हतं. मग कागद. लांबलचक टिपणी, मुद्द्यांची शीर्षकं, सुरुवातीला अनुक्रमणिका, पान क्रमांक. तिची बोटं स्पेसबारवर चालू लागली. ठिपके, ठिपके, क्रमांक. सगळ्यांच्या आधी तिने हात वर केला.

परीक्षक बाहेरून आलेले अधिकारी होते, स्वभावाने वाईट नसलेले. त्यांनी प्रिंट हातात घेतली आणि थबकले. "वाह. बहुत साफ़ काम है, मैडम."

"थैंक्यू सर."

मग ते वाकले, माउस घेतला आणि वरचं एक बटण दाबलं. जिथे जिथे स्पेसबार दाबला होता तिथे तिथे एक बारीक ठिपका उमटला. शीर्षकाच्या डावीकडे ठिपके, रकान्यांच्या मध्ये ठिपके, पानभर, उन्हात तांदूळ पसरल्यावर बाहेर पडणाऱ्या सोंडकिड्यांसारखे.

"ये सब हाथ से किया है आपने?"

विनताला ते कौतुक वाटलं. तिने मान वर केली. "जी सर. सब हाथ से."

अधिकाऱ्यांनी प्रिंट बाजूला ठेवली. "अच्छा. अब मान लीजिए, साहब ने शुरू में एक पैरा जोड़ दिया." त्यांनी सुरुवातीला एक परिच्छेद घुसवला आणि अक्षराचा आकार थोडा वाढवला. पानं खाली घसरली. शीर्षकं एका बाजूला कलंडली. रकाने एकमेकांत शिरले. अनुक्रमणिकेतले ठिपके ओळ मोडून खाली आले आणि त्यांच्या टोकाचे पान क्रमांक खोटे झाले. "अब इसे ठीक कर दीजिए."

शेजारच्या उमेदवाराने हेच काम माउसच्या उजव्या बटणाने केलं. त्याची अनुक्रमणिका जागच्या जागी नवी झाली, आणि तो पाणी प्यायला. विनता पहिल्या शीर्षकापासून मोजायला लागली. तिचे हात या वेळी थरथरत नव्हते. वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हाही ती मोजत होती.

निकाल हिंदीत आला. टंकणात उत्तीर्ण, संगणकात अनुत्तीर्ण. लिपिकाच्या पदावर ठेवता येणार नाही. चतुर्थ श्रेणीत सामावून घेण्यास हरकत नाही. सोमवारपासून.

त्या दुपारी श्रद्धाने तिला हाताला धरून शेजारी बसवलं. आता बसायला कसलीच हरकत नव्हती. आधी प्रोग्रॅमला सांगायचं, हे शीर्षक आहे, हे त्याच्या पोटातलं शीर्षक, हा मजकूर. ते मध्ये बसवायचं की कडेला, हे त्याला एकदाच सांगायचं. मग म्हणायचं, अनुक्रमणिका कर. तो करतो. मजकूर हलला तर तोही हलतो. श्रद्धाचा चहा संपायच्या आत विनताला ते जमायला लागलं. कागद कसा दिसतो ते ती इतके महिने शिकली होती. कागदात कोण काय आहे हे मशीनला सांगायचं असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

"इतना ही था?" तिने विचारलं.

"इतना ही था, दीदी," श्रद्धा म्हणाली आणि रडायला लागली. विनता रडली नाही.

रविवारी पिंपळापुऱ्यांनी तिला बोलावून घेतलं. त्यांनी एक अर्ज तयार केला होता, थेट दिल्लीला पाठवायचा. शीर्षक बरोबर मध्ये, समास दोन्हीकडे सारखा. परीक्षेत एकाच अवजड प्रोग्रॅमची सक्ती हा गरीब उमेदवारांवर अन्याय आहे. ज्यांच्याकडे जुनी मशीन आहे त्यांना हलका प्रोग्रॅम वापरायची मुभा हवी. दोन्ही मोफत आहेत, दोन्हींतून तीच अक्षरं निघतात. मुद्दे नीट मांडलेले होते. त्यांतले काही खरेही होते.

"सही कर," ते म्हणाले. "आपण लढू. दोष तुझा नाही, परीक्षेचा आहे. तुझ्या कागदाला त्यांनीच वाह म्हटलं ना?"

"म्हटलं."

"मग?"

सुमेधा चिवड्याची बशी ठेवून तिथेच खाली बसली. विनताने बशीला हात लावला नाही.

"काका, एक विचारू का? तुम्हाला ते भारीवालं येत होतं?"

पिंपळापुरे अर्जाची कडा टेबलाच्या कडेशी जुळवत राहिले. "त्याच्यात येण्यासारखं काय आहे? उगाच पसारा."

"येत होतं का?"

"पोस्टकार्ड न्यायला..."

"नाही येत त्यांना," सुमेधा म्हणाली. "त्या दिवशी त्यांनी मुद्दाम सगळ्यात मेलेला डब्बा लावला. चांगला लॅपटॉप आत होता. मला ठाऊक होतं, मी पण गप्प बसली."

विनता उठली, पिंपळापुऱ्यांच्या शेजारची खुर्ची ओढून बसली आणि कीबोर्ड आपल्याकडे घेतला. अर्ज स्क्रीनवर उघडाच होता, एबीवर्डमध्ये. तिने मेनू खाली ओढायला सुरुवात केली, एकेक करून. या घरात इतके महिने बसून ते तिने कधी उघडले नव्हते. तिला काही सिद्ध करायचं नव्हतं. भाड्याचं घर सोडताना माणूस फडताळं एकदा उघडून बघतो, तेवढंच.

तिथे ते होतं. एका मेनूत स्टाइल, शीर्षक एक, शीर्षक दोन. दुसऱ्या मेनूत अनुक्रमणिका.

विनताने अर्जातल्या मुद्द्यांना शीर्षकं केलं आणि अनुक्रमणिका मागितली. हलक्याने ती दिली. तिने वर एक रिकामं पान घातलं. अनुक्रमणिकेला नवी हो म्हटलं. ती झाली. क्रमांक बरोबर होते.

पिंपळापुरे स्क्रीनजवळ वाकले. बाहेर भाजीवाला ओरडत गेला.

मग पिंपळापुऱ्यांचा चेहरा उजळला. "अरे!" ते म्हणाले. "याच्यात पण आहे की! म्हणजे ते जड लागतच नव्हतं. मी इतके दिवस काय म्हणून राहिलो?" त्यांनी सुमेधाकडे बघितलं, मग विनताकडे. डोळे खरंच चमकत होते. "हे अर्जात घालू. हा नवा मुद्दा झाला. हलक्यातही सगळं होतं."

"तोंड मिटा," सुमेधा म्हणाली.

त्यांनी मिटलं. पण आपलं वाक्य त्यांना उशिरा ऐकू आलं असावं. अर्जावरचा त्यांचा हात सरकला आणि मांडीवर जाऊन पडला. ते विनताला काही सांगायच्या बेतात होते. ओठ हलले. शब्द मोजत असावेत, आणि मध्ये बसत नसावेत.

"हो काका," विनता म्हणाली. "होतं याच्यात." तिने स्क्रीनवरचं काम जपून न ठेवता बंद केलं. ठेवायचं का, असं प्रोग्रॅमने विचारलं. तिने नको म्हटलं. रोज निघताना ती दोघांच्या पाया पडत असे. त्या दिवशी फक्त सुमेधाच्या पडली.

"येत जा गं," सुमेधा म्हणाली.

"नाही काकू," विनता म्हणाली आणि चप्पल घालून निघून गेली.

सोमवारी ती लवकर पोचली. आल्हादची खुर्ची तिने स्वतःच पुसली, कारण आता ते तिचं काम होतं. थोड्या वेळाने त्या खुर्चीवर नवीन लागलेला एक जण येऊन बसला आणि त्याने तिला थँक्यू म्हटलं. आल्हादच्या शेजारी वर्षानुवर्षं बसलेले बाबू आले. आल्हाद असल्यापासून ते विनताला भाभीजी म्हणत, ती लिपिक झाल्यावरही भाभीजीच म्हणत. त्यांनी एक फाइल उचलली. "भाभीजी," ते म्हणाले आणि थांबले. भाभीजीला फाइल वर नेऊन दे म्हणता येत नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. विनता उभी होती. त्यांना मदत करावी असं तिला वाटलं नाही.

"विनता," ते शेवटी म्हणाले, फाइलकडे बघत, "ये ज़रा ऊपर साहब को दे आओ."